बरणीतल्या पेन्या : कोणत्या ठेवायच्या, कोणत्या सोडायच्या?



१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. तेव्हापासून आपल्या लोकांत एकच प्रश्न : "घरात बरणीभर पेन्या आहेत, त्यांचं आता सोनं होणार का हो?" आमचं सरळ उत्तर : नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता, म्हणून ती बंद झाली. दुर्मिळ झाली म्हणून नव्हे. लोकांकडे अजून अब्जावधी पडून आहेत. पण म्हणून बरणी तशीच बँकेत ओतू नका. आधी तीन चाळण्या लावा.

पहिली चाळण सालाची. मागे गव्हाच्या दोन ओंब्या दिसल्या तर पेनी १९०९ ते १९५८ मधली. ती बाजूला ठेवा. १९४३ ची पेनी करड्या रंगाची, पोलादाची असते, कारण तांबे युद्धाला लागत होते. त्या सालची तांबडी पेनी हाती आली तर लगेच हुरळू नका. चुंबक लावा, चिकटली तर वरचा नुसता मुलामा समजा.

दुसरी चाळण वजनाची. पूर्वी पेनीत ९५ टक्के तांबे असे, वजन ३.११ ग्रॅम. १९८२ मध्ये जस्तावर तांब्याचा पातळ थर आला आणि वजन २.५ ग्रॅमवर उतरले. त्या सालच्या दोन्ही जाती मिळतात, तेव्हा काट्यावर तोलूनच ठरवा. तांब्याच्या पेन्या खुशाल ठेवा. मात्र वितळवून पैसे करण्याचा विचार नको, त्यावर सरकारने २००७ साली बंदी घातली.

तिसरी चाळण भिंगाची. १९९५ च्या पेनीवर 'लिबर्टी' दुहेरी उमटलंय का बघा. १९९२ च्या पेनीवर मागच्या 'अमेरिका' शब्दातले पहिले 'ए' आणि 'एम' पायाशी चिकटलेले असतील तर जाणकाराला दाखवाच. अशा फार थोड्या सापडल्या आहेत. १९९८ ते २००० मध्ये उलट : त्या अक्षरांत फट असलेली पेनी ठेवायची.

काही पेन्या किमतीसाठी नव्हे, हौसेसाठी ठेवाव्यात. २००९ मध्ये लिंकनच्या द्विशताब्दीनिमित्त मागे चार वेगळी चित्रे आली. नातवंडांना चारही शोधायला लावा. २०१७ ची फिलाडेल्फियाची पेनी 'पी' अक्षराची. चार अब्जांहून जास्त निघाल्या, पण ते अक्षर चलनातल्या पेनीवर त्याच वर्षी आले.

आणि लिंकनचा तो चेहरा घडवणारा व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर कोण? लिथुआनियातून १८९० साली इथे आलेला, आपल्यासारखाच परदेशातून आलेला ज्यू! १९०९ मध्ये त्याची 'व्ही.डी.बी.' ही आद्याक्षरे मागे ठळक होती. लोकांनी ओरड केली, काही दिवसांतच ती काढली. १९१८ पासून ती लिंकनच्या खांद्यावर बारीक अक्षरांत परतली. सॅन फ्रान्सिस्कोची, 'एस' अक्षराची, मागे आद्याक्षरे असलेली १९०९ ची पेनी फक्त ४,८४,००० निघाली. ती सापडली तर तुमचं नशीब!

एक ताकीद : तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी चिंच लावून पेनी घासू नका. चकाकी येते, किंमत जाते. आणि कोणी सगळी बरणी ठोक भावात मागितली तर आधी दुसऱ्या जाणकाराला विचारा.

चाळून मूठभर उरतील, त्या कागदी पाकिटात साल लिहून ठेवा. बाकीच्या दानपेटीत टाका. तिथे प्रत्येक पेनी अजून पुरा एक सेंट आहे.