लेबल हिरवं, जाळं उघडं

सुशीच्या प्लेटचा फोटो स्टोरीला टाकलात ना? त्यातल्या फार्मच्या सॅल्मनचा गुलाबी रंग खाद्यातून येतो, नाहीतर मांस फिकट करडं दिसलं असतं. असो, रंगाचं सोडा.

नॉर्वे, चिलीत हा मासा बहुतेक समुद्रातच उघड्या जाळ्यांत वाढवतात. विष्ठा, उरलेलं खाद्य, औषधं थेट पाण्यात. दाटीमुळे माशांवरच्या उवा फोफावतात आणि बाहेरच्या नैसर्गिक सॅल्मनलाही लागतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात असा एक फार्म कोसळला, दोन लाखांहून जास्त मासे समुद्रात पळाले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला.

‘पण पाकिटावर एएससीचं हिरवं लेबल असतं की!’ असतं. उवांवर, औषधांवर ते मर्यादा घालतं, तपासणीचे अहवालही खुले असतात. हे मान्यच. पण तपासणीची फी भरतो तोच फार्म. पेपर तपासणाऱ्याचं मानधन विद्यार्थ्यानेच द्यावं, तसं! शिवाय उघडं जाळं या लेबलला चालतं, आणि खरी गोची तिथेच आहे.

पुढच्या वेळी ऑर्डरआधी विचारा: मासा बंद टाकीतला की उघड्या जाळ्यातला? वेटर गोंधळेल, मॅनेजरला बोलवेल. उत्तर नाहीच आलं, तर त्या दिवशी सॅल्मन राहू द्या.