‘स्टेम सेल’वाल्याला एवढं विचारा: पेशी कुठली, आणि ओळखली कशी?

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलांच्या आईबापांना व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात कुठून तरी येतेच. ‘स्टेम सेलने स्नायू पुन्हा तयार होतात.’ पॅकेज लाखांत. लोक दागिने मोडतात, जमीन विकायला काढतात. त्यांना मी अजिबात दोष देणार नाही. पोरगं बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअरवर जाईल असं ऐकल्यावर आईबाप काय वाट्टेल ते करतात.

पण पैसे भरायच्या आधी विचारा, स्टेम सेल म्हणजे नेमकी कुठली?

स्नायूची स्वतःची मूळपेशी असते. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना ती बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसली. स्नायूच्या धाग्याला चिकटून बसलेली म्हणून नाव पडलं ‘सॅटेलाइट सेल’. इजा झाली की ती जागी होते आणि नवीन स्नायू घडवते. अडचण अशी की बऱ्याच वर्षांपर्यंत ती ओळखायची कशावरून, तर कुठे बसलीय त्यावरून. २००० मध्ये कॅनडातल्या मायकेल रुडनिकींच्या गटाने दाखवलं की या पेशींच्या केंद्रकात पॅक्स-७ नावाचं प्रथिन असतं. हा तिचा ओळखीचा शिक्का.

हा शिक्का दिसण्यासाठी लागते अँटीबॉडी. कोविडमुळे हा शब्द आपल्याला पाठ झालाय, पण इथे ती औषध नाही, शोधायचं साधन आहे. ती फक्त पॅक्स-७ला चिकटते. मग चमकणारा रंग जोडला की मायक्रोस्कोपखाली नेमकी ती केंद्रकं उजळतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी अशी एक अँटीबॉडी कोंबडीच्या पॅक्स-७ विरुद्ध तयार केलेली आहे, आणि ती उंदराच्या, माणसाच्या स्नायूतही चालते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अशा अँटीबॉडींची एक बँक आहे, तिथून ती संशोधकांना स्वस्तात मिळते. म्हणजे सिद्ध करणं फार महागडं आहे, ही सबब चालणार नाही.

बरं, शास्त्रज्ञ या साधनावरही डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. जिथे पॅक्स-७ नाहीच अशा पेशींवर ती लावून बघतात; तिथेही चमकली तर निकाल कचऱ्यात. २०२३ मध्ये मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटीबॉडी तपासल्या, तर निम्म्याहून जास्त एका तरी चाचणीत नापास झाल्या. आपल्याच हत्यारावर एवढा संशय घेणारी ही माणसं. आणि इकडे जाहिरातवाला ‘शंभर टक्के’ म्हणून मोकळा!

बहुतेक ठिकाणी पेशी काढतात मुलाच्याच अस्थिमज्जेतून. त्या स्नायूच्या मूळपेशी नव्हेत. शिवाय या आजारात डिस्ट्रॉफिनच्या जनुकातच दोष असतो, आणि तो मुलाच्या प्रत्येक पेशीत असतो. त्याच पेशी काढून परत टोचल्या तर डिस्ट्रॉफिन येणार कुठून? निरोगी माणसाच्या स्नायूपेशी टोचायचे प्रयोगही १९९०च्या दशकात झाले, ताकद वाढली नाही.

आयसीएमआरची २०१७ची नियमावली स्पष्ट आहे: रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडून बाकी स्टेम सेल उपचार फक्त परवानगी असलेल्या चाचणीतच, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पावती फाडली की समजा, ती चाचणी नव्हे. या जाहिराती छापणाऱ्या पेपरांनीही, म्हणजे आमच्या धंद्यानेही, हे वाचायला हवं.

तोवर जे खरंच उपयोगी आहे ते करा: जनुक तपासणी, डॉक्टरांच्या देखरेखीत स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाची नियमित तपासणी. मुंबईचं केईएम हे केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणातलं केंद्र आहे, तिथे चौकशी करा. आणि अशी जाहिरात किंवा पावती हाती असेल तर मुलाचं नाव झाकून मला इनबॉक्समध्ये पाठवा.