कमान बदलली, पण मोटार तीच

ॲम्बॅसिडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली उत्तरपाडा येथे थांबले. तरीही गोमंतकातील काही घरांच्या अंगणात ती अद्याप उभी आहे आणि चतुर्थीला माणसे व सामान घेऊन गावाकडे जाते. अशा मोटारीची पाठ बसली की एखादा जादा पाटा घालून मागच्या कमानी घरीच बळकट करण्याची उमेद अनेकांना येते. तिच्यामागील स्वावलंबनाचे आम्ही कौतुकच करतो. परंतु कमान बळकट झाली म्हणजे मोटार बळकट झाली, हा समज घातक आहे.

या मोटारीच्या मागच्या कमानी भार पेलतात, तसेच ॲक्सलही जागेवर धरून ठेवतात. किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत पाट्यांमध्ये गंज शिरतो, रबरी बुश झिजतात आणि जुन्या पाट्यांचा बाक उतरतो. हे न तपासता जादा पाटा चढविणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रिकामी मोटार मग खड्ड्यावर उसळते आणि ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड सुटते. शिवाय ब्रेक, टायर व ॲक्सल पूर्वीचेच राहतात. जादा पाट्याने त्यांची कुवत तसूभरही वाढत नाही.

म्हणून मूळ मापाच्या नव्या कमानी, नवे बुश आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवावेत, हाच खरा सुधार होय. काम सपाट, टणक जमिनीवर करावे. पुढच्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि मोटार सांगाड्याच्या भक्कम भागाखाली पोलादी घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ. यू-बोल्ट सोडण्यापूर्वी ॲक्सलला जॅकचा आधार द्यावा. बुशचे नट अखेरचे आवळावेत ते मोटार चाकांवर उतरल्यावरच. अन्यथा रबर पिळून लवकर फाटते. थोडे अंतर चालविल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. पाठ वर आली की दिव्यांचा झोत खाली झुकतो. तोही जुळवून घ्यावा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही ध्यानात असावे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. जीर्ण कमानीच्या जागी तशीच नवी बसविणे वेगळे आणि मोटारीवर अधिक भार लादण्यासाठी तिची घडण बदलणे वेगळे.

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी चतुर्थीपूर्वी एखादा दिवस आपल्या मोटार विभागाचे दरवाजे अशा मालकांसाठी उघडावेत आणि घरी केलेले काम माफक शुल्कात तपासून द्यावे, असे आम्ही सुचवितो. विद्यार्थ्यांना त्यातून अनुभव मिळेल आणि मालकांना खात्री. मोटार एकाच्या मालकीची असली तरी रस्ता सर्वांचा आहे. घरच्या हौसेची किंमत वाटेवरच्या अनोळखी माणसाने का मोजावी?