परक्या घरचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला, की बिडकीन आणि पैठण तालुक्यातील भोवतालच्या खेड्यांमधून पालकांची महाविद्यालयांकडे रीघ लागते. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शुल्क किती, शिष्यवृत्ती केव्हा जमा होते, कोणत्या शाखेला नोकरी लवकर मिळते. खरा प्रश्न मात्र ते शेवटी, बहुधा उठता उठता आणि आवाज खाली आणून विचारतात : ‘‘सर, पोरगी राहील कुठं?’’ छत्रपती संभाजीनगर येथून वीस-पंचवीस किलोमीटर. बिडकीन गावातून ते अंतर बसने कापता येते. परंतु बिडकीनपासूनही आठ-दहा किलोमीटर आत, जिथे संध्याकाळची गाडी चुकली म्हणजे रात्र रस्त्यावर, त्या वस्तीवरच्या मुलीसाठी हे अंतर कापण्यासारखे राहत नाही. शिक्षणाच्या खर्चाचा विचार करताना आपण शुल्काचा हिशेब मांडतो आणि निवाऱ्याचा विसरतो. गरिबाघरच्या मुलामुलींचे शिक्षण मात्र पुष्कळदा या दुसऱ्या रकमेपाशी अडते.

मागील पिढ्यांना या प्रश्नाचे एक उत्तर ठाऊक होते. ते म्हणजे वार लावून जेवणे. गरीब विद्यार्थी खेडे सोडून शिक्षणाच्या गावी येई, कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या ओवरीत पथारी टाकी आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे शोधी. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. सहाच घरे मिळाली, तर सातव्या दिवशी उपास घडे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था मोठी चतुर होती. दहा माणसांच्या कुटुंबात अकरावे पान वाढण्यास येणारा सीमान्त खर्च अत्यल्प. तोही सात घरांत वाटला गेल्याने कोणासच जाचत नसे. रोख पैसा दुर्मीळ असलेल्या समाजाने धान्याच्या रूपाने दिलेली ती शिष्यवृत्तीच होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि या व्यवस्थेचे दोन खर्च कोणत्याही खातेवहीत चढले नाहीत. पहिला खर्च त्या घरच्या गृहिणीचा. पुण्य यजमानाच्या नावे जमा होई. अकराव्या माणसाच्या पोळ्या लाटणारी, त्याचे उष्टे काढणारी बाई मात्र हिशेबाबाहेर राही. दुसरा खर्च विद्यार्थ्याच्या मनाचा. वार लावून शिकलेल्या एका वृद्ध शिक्षकांनी फार वर्षांपूर्वी मला सांगितले होते, की जेवताना दुसऱ्यांदा भात मागण्याचे धैर्य त्यांना कधी झाले नाही. पुढे नोकरी लागली, स्वतःचे घर झाले, तरी ताटातला भात संपला की त्यांचा हात आपोआप थांबे. आणि वाढणारी तर त्यांची स्वतःची पत्नी असे! पोट भरले होते, परंतु दुसऱ्याच्या अन्नाखाली दबलेली मान ताठ व्हायला एक आयुष्य पुरले नाही.

आणि ही चतुर व्यवस्था होती तरी कोणासाठी? वार मिळत, ते ज्याच्या हातचे पाणी चालते त्याला. सोवळ्याच्या त्या रेषेबाहेर जो समाज होता, त्याच्यासाठी सातांपैकी एकही दार उघडे नव्हते. याचे सर्वांत बोचरे उदाहरण आपल्याच विषयातील एका थोर पंडिताचे आहे. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिन्यावर चढून आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे १९२० नंतर लंडनमध्ये ते एका बाईच्या घरी भाड्याने राहिले. न्याहारी तुटपुंजी असे. रात्री अभ्यास करताना मित्राने दिलेल्या पापडांवर भूक भागवावी लागे. लंडनचे ते घर प्रेमळ नव्हते. परंतु भाडे दिले की खोली आपली, एवढा साधा व्यवहार तेथे होता आणि त्या खोलीच्या आधारावर रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध पुरा झाला. प्रेमाच्या नावाखाली चालणाऱ्या आणि जात विचारणाऱ्या आतिथ्यापेक्षा, जात न विचारणारा कोरडा व्यवहार कित्येकदा अधिक माणुसकीचा ठरतो, हा या दोन प्रसंगांचा अर्थ होय.

वारांची दारे बंद होती म्हणूनच वसतिगृहे उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि नंतर निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व साहाय्य दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, ते सर्व जातींच्या मुलांनी एका पंक्तीस बसावे म्हणून. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडावयास दिले, ही हकीकत महाराष्ट्र विसरलेला नाही. आपल्या मराठवाड्यात १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले, पुढे मिलिंद नावाने गाजलेले महाविद्यालय आणि त्याची वसतिगृहे यांनी हेच काम केले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची दारे दिसलीही नव्हती, अशा खेड्यांतील मुले तेथे आली, राहिली, शिकली आणि त्यांतून लेखक, अध्यापक, कार्यकर्ते यांची एक पिढी उभी राहिली. वसतिगृहाने विद्यार्थ्याला उपकाराऐवजी हक्काची खाट दिली. त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही.

परंतु आजची स्थिती काय आहे? शिकणाऱ्यांची संख्या वाढली, त्या मानाने खाटा वाढल्या नाहीत. शासनाने हे एका परीने मान्य केले, म्हणूनच वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. २०१७ च्या शासन निर्णयात आपल्यासारख्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार रुपये धरले होते : भोजनाचे २८ हजार, निवासाचे १५ हजार, निर्वाहाचे ८ हजार. निवासाचे १५ हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे. या रकमेत कोणती खोली मिळते, हे ठरविणाऱ्यांनी एकदा जाहिरातींचे फलक वाचून पाहावे. शिवाय पैसा खात्यावर जमा होतो, घर मात्र मुलाने शोधायचे असते. खाटेच्या हिशेबाने भाड्याने दिलेल्या एका खोलीत चौघे-पाचजण, भिंतीला खिळे, खिळ्यांना पिशव्या, दोन वेळचा डबा आणि तापाने फणफणला तर विचारणारा कोणी नाही, असे हे शहरी जीवन असते. आणि खोली दाखविण्यापूर्वी आडनाव विचारण्याची रीत अद्यापि संपलेली नाही.

उरले नातेवाइकांचे घर. ‘आत्याकडे राहील’ असे सांगून मुलीला शहरात ठेवले जाते आणि ती शिकेल असे आपण गृहीत धरतो. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी अशीच राहत होती. पहाटे पाणी भरणे, आत्याच्या लहान मुलांना शाळेला तयार करणे, दुपारची भांडी, संध्याकाळच्या भाकरी. कोणी तिला छळले नाही; छळ म्हणावा असे काही घडलेच नाही. घरात राहते म्हणजे घरचे काम करणार, हे सर्वांनाच स्वाभाविक वाटले. पहिला तास तिला कधी मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. भाडे नव्हते असे कोण म्हणेल? भाडे होते आणि ते तिने श्रमाच्या रूपाने बाजारभावाहून कितीतरी अधिक दिले होते. वाराच्या पद्धतीतील हिशेबाबाहेरची गृहिणी आता विद्यार्थिनीच्या रूपाने पुन्हा समोर उभी आहे.

या संदर्भात स्पेनमधील एका साध्या रिवाजाकडे पाहण्यासारखे आहे. सालामांका हे तेथील जुने विद्यापीठाचे गाव. विद्यापीठाची स्थापना १२१८ ची. स्पॅनिश शिकण्यासाठी देशोदेशीची मुले तेथे येतात आणि त्यांतील पुष्कळ स्थानिक कुटुंबात राहतात. शिक्षणसंस्था घरांची यादी ठेवते, घर पाहून घेते आणि कुटुंबाला ठरलेली रक्कम देते. स्वतंत्र खोली, जेवण किती वेळा, कपडे धुणे कोणाकडे, हे आधी ठरलेले असते. दुपारचे जेवण दोन-तीन वाजता, रात्रीचे नऊनंतर. आपल्या मुलाला ते जड जाईल, पण तो त्याच टेबलाशी बसतो, त्याच गप्पा ऐकतो आणि भाषा शिकतो. मुले दूर गेलेल्या एखाद्या प्रौढ बाईला घरखर्चास आधार होतो. नाही पटले, तर विद्यार्थी घर बदलून मागू शकतो आणि त्यात कृतघ्नपणा कोणी मानीत नाही. हे शक्य होते ते व्यवहार उघड असल्यामुळे.

परदेशी मूल घरात ठेवणे आपल्यालाही अपरिचित नाही. रोटरीच्या विद्यार्थी-आदानप्रदान कार्यक्रमात परदेशी विद्यार्थी वर्षभर आळीपाळीने भारतीय कुटुंबांत राहतात, आणि महाराष्ट्रातील घरे त्यांना कौतुकाने पुरणपोळी वाढतात. सातासमुद्रापलीकडचा पाहुणा चालतो. पैठण तालुक्यातील विद्यार्थ्यासाठी मात्र त्याच घरांत जागा नसते. तेव्हा अडचण जागेची कमी आणि सवयीची अधिक आहे.

म्हणून सूचना अशी, की वसतिगृहे वाढवावीतच. पण ती होईपर्यंत महाविद्यालयांनी आणि समाजकल्याण खात्याने मिळून ‘विद्यार्थी-घरां’ची नोंदणी सुरू करावी. ज्या कुटुंबाकडे एक खोली मोकळी आहे, त्याने ती नोंदवावी. महाविद्यालयातील प्राध्यापिकांनी ते घर पाहावे. भत्त्याची रक्कम वास्तव भावाप्रमाणे वाढवून त्यातील निवास-भोजनाचा भाग विद्यार्थ्याच्या संमतीने थेट त्या घरच्या गृहिणीच्या खात्यावर दरमहा जमा व्हावा. घरकाम सांगावयाचे नाही, अभ्यासाचे तास राखावयाचे आणि जातीवरून नकार देणाऱ्याचे नाव यादीतून कमी करावयाचे, एवढ्या अटी लेखी असाव्यात. तक्रारीसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि मुलीला घर बदलण्याचा अधिकार असावा.

यावर आक्षेप येतील. पैसे घेऊन जेवू घालणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे काही म्हणतील. खाणावळी आपल्याकडे कैक वर्षे चालत आल्या आहेत. त्यामुळे हा युक्तिवाद फार ताणता येणार नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे : परक्या घरात मुलगी सुरक्षित राहील काय? ही भीती रास्त आहे आणि तिला उत्तर देखरेखीचेच असू शकते. परंतु आज ती ज्या खोल्यांत आणि ज्या नात्यांच्या घरांत राहते, तेथे देखरेख कोणाची आहे?

बिडकीनला हे करून पाहण्यास आजचा काळ अनुकूल आहे. ऑरिक औद्योगिक नगरीच्या बिडकीन विभागासाठी सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमीन गेली. मोबदल्याच्या पैशातून अनेकांनी घरे बांधली, खोल्या काढल्या. कारखाने उभे राहतील तसा या खोल्यांना कामगारांचा गिऱ्हाईक म्हणून ओघ लागेल, भाडी चढतील आणि विद्यार्थी सर्वांत आधी बाजाराबाहेर फेकला जाईल. ज्या शेतात कारखाना उभा राहतो, त्या शेतमालकाच्या शेजारच्या वाडीतील मुलगी त्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून जाणार, की तिच्या घरापर्यंत बस येत नाही म्हणून वस्तीवरच राहणार, हे ठरविणारी वर्षे हीच आहेत.

पुढच्या निकालानंतर पुन्हा पालक येतील. शुल्काची, शिष्यवृत्तीची उत्तरे आम्ही देऊच. छापील कागद तयार असतो. त्या शेवटच्या प्रश्नासाठीही एक कागद तयार असावा : पत्ता, घरच्या बाईंचे नाव, महिन्याची रक्कम आणि खाली महाविद्यालयाची सही. तो कागद तयार करण्यास इमारत लागत नाही, निविदा लागत नाहीत. लागतात ती काही मोकळ्या खोल्यांची घरे, आणि ती आपल्यापैकी कित्येकांची आहेत.