ब्लूजची बैठक आणि बेबंदशाही

शिकागो शहरांतील एका मद्यगृहांत दर आठवड्यास ब्लूजची खुली बैठक भरते. तिला तिकडे 'जॅम' म्हणतात. कोणीहि यावें, यादींत नांव नोंदवावें, पाळी आली कीं व्यासपीठावर जाऊन अनोळखी वादकांबरोबर दोन गाणीं वाजवावीं, असा या बैठकीचा रिवाज. गेल्या महिन्यांत आम्हीं तेथें सात वाजतां नांव दिलें आणि माऊथऑर्गनांची पेटी मांडीवर घेऊन अकरा वाजेपर्यंत बसून राहिलों. तेवढ्या अवधींत यजमानांचे स्नेही तीन तीन वेळां वर जाऊन आले. एका वेळीं तर पांच गिटारवाले उभे होते आणि गाणारा एकहि नव्हता; प्रत्येकजण आपल्या ध्वनिवर्धकाचा कान पिळून शेजाऱ्यावर कुरघोडी करीत होता. याला आपल्याकडे कोणी सहज 'गोंधळ' म्हणेल. परंतु तो शब्द आम्ही वापरणार नाहीं. संबळ केव्हां वाजावा, तुणतुणें केव्हां घुमावें आणि कथा पुढें केव्हां सरकावी हें गोंधळ्यांना पक्कें ठाऊक असतें. त्यांची उपमा येथें देणें म्हणजे त्यांची विनाकारण बेअब्रू करणें होय!

तक्रार केली असतां यजमान हंसून म्हणाले, "अहो, हें ब्लूज आहे, येथें नियम कसले?" या एका वाक्याचा समाचार घेण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

नियम कसले? मोजून दाखवितों. प्रत्येकीं चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन. पहिले चार खंड षड्जाच्या स्वरसंघावर, पुढील दोन मध्यमाच्या, पुन्हां दोन षड्जाच्या; नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा, आणि अखेरचे दोन परत स्वगृहीं. गीताची पहिली ओळ दोनदां यावयाची आणि तिसरीनें तिला उत्तर द्यावयाचें. या रचनेंतील खरी खुबी पुढेंच आहे. प्रत्येक ओळीच्या वांट्याला चार खंड येतात, पण गायक ती सुमारें दोन खंडांतच संपवितो. उरलेली जागा वाद्याच्या उत्तरासाठीं मोकळी ठेवलेली असते. हे सवालजवाबच होत! सवाल चालू असतांना जो जवाब देऊं लागतो त्याला स्वतंत्र वृत्तीचा कलावंत म्हणावयाचें कीं बहिरा? हा सांचा कोणा पंडितानें दिवाणखान्यांत बसून बसविलेला नाहीं. डब्ल्यू. सी. हँडी यांचें 'मेम्फिस ब्लूज' १९१२ सालीं छापून निघालें, त्यापूर्वींच तो अमेरिकेच्या दक्षिणेंतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांत तोंडोतोंडीं फिरत होता. दोन अपरिचितांना पूर्वतयारीवांचून एकत्र वाजवितां येतें तें या सांच्यामुळें. तो मोडला कीं बैठकीचा पायाच उखडला.

यावर जॉन ली हूकर यांचें उदाहरण हमखास पुढें केलें जातें. त्यांनीं बारा खंडांची पर्वा केली नाहीं, मनास येईल तेव्हां स्वरसंघ बदलला, हें खरें. परंतु १९४८ सालचें त्यांचें 'बूगी चिलन' ऐकावें: तेथें एक कंठ, एक गिटार आणि ताल धरणारें पाऊल, दुसरा वादकच नाहीं. पुढें साथीदार आले तेव्हां त्यांना हूकर यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसावें लागे. ज्याच्याकडे सर्वांचें लक्ष आहे त्याचें तें स्वातंत्र्य. कोणाकडेच न पाहणाऱ्या पांच जणांनीं त्याचा वारसा सांगावा हा शुद्ध उद्दामपणा आहे.

शिस्त आली तर नवखे बिचकतील, असा दुसरा आक्षेप. शिस्तीचा एक निष्ठुर प्रकार आहे, हें आम्हांस मान्य आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत १९३८ सालीं निघालेल्या मिंटन्स प्लेहाउसमध्यें पुढील दशकांत जाझवादकांच्या ज्या बैठकी झाल्या, तेथें कच्च्या वादकांना पिटाळण्यासाठीं मुद्दाम अवघड स्वरसंघ योजीत. आमचें मागणें त्याच्या पासंगासहि पुरणार नाहीं. यादी भिंतीवर लावा आणि ती क्रमानें वाचा. गिटारी दोनच ठेवा. गायकानें पट्टी सांगावी, दुसऱ्या खंडांतच मध्यमावर जावयाचें कीं नाहीं तें सांगावें, आणि चार मात्रा मोजून आरंभ करावा. यास अर्धा मिनिटहि लागत नाहीं! आणि याची निकड नवख्यालाच अधिक, कारण मुरलेला वादक अंधारांतहि वाट काढतो.

सोसावें, कानांत बोळे घालावे, हाहि एक सराव समजावा, असा उपदेश आम्हांला मित्रांकडून मिळाला. स्वतःपुरता तो ठीक आहे. परंतु त्या रात्रीं अकरा वाजतां आम्हांला वर बोलावलें, तेव्हां आमच्याबरोबर एक तरुण मुलगी गाण्यासाठीं उभी राहिली. तीहि सातपासून बसली होती. पट्टी कोणीं विचारली नाहीं, कोणीं सांगितली नाहीं. गाणें ई पट्टीचें असेल तर माऊथऑर्गनवाला बहुधा ए पट्टीचा नग उचलतो. आम्हीं अंदाजानें एक उचलला, तो चुकला, आणि योग्य तो सांपडेपर्यंत आम्हीहि तिच्या ओळीवरच फुंकीत राहिलों. तिची दुसरी ओळ कोणाला ऐकूं गेली असेल असें वाटत नाहीं. तिसरी तिनें म्हटलीच नाहीं. ध्वनिग्राहक जागेवर ठेवून, खुर्चीवरचा कोट उचलून ती बाहेर पडली. गिटारी चालूच होत्या. गाणें कसेंबसें थांबल्यावर यजमानांनीं पुढचें नांव पुकारलें. तें यादींत नव्हतें.