केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे हृदय

"साहेब, मयत इसम खुर्चीवर बसून होता. ओंडके यंत्र उचलत होते. मग श्रम कसले?" विरुद्ध बाजूच्या वकिलाने हा सवाल केला तेव्हा माझी अशील, मयताची पत्नी, माझ्या तोंडाकडे पाहू लागली. कायद्यातला 'श्रम' तिला ठाऊक नसेल, पण नवऱ्याच्या मरणाची टिंगल चालली आहे एवढे तिला कळले.

तिचा नवरा विदर्भाच्या जंगलपट्ट्यात एका कंत्राटदाराच्या लोडरवर ऑपरेटर होता. सागाचे ओंडके ट्रकवर चढवायचे. वय ४२. छातीत दुखते म्हणून दोन दिवस आधी त्याने सुट्टी मागितली होती. मशीन उभी राहिली तर भाडे बुडते, असे उत्तर मिळाले. पहाटे हेल्परला तो स्टिअरिंगवर डोके टेकलेला आढळला.

बसून केलेले काम म्हणजे हलके काम, हा समज ज्यांनी कधी मशीन चालवली नाही त्यांचा आहे. बारा-बारा तास इंजिनाचा आवाज कानावर आदळतो. खडबडीत जमिनीवर सीटमधून हादरे थेट पाठीच्या कण्यात शिरतात. अशा आवाजाने माणसाचे शरीर सतत सावध राहते, रक्तदाब चढतो. त्यात रात्रपाळी, म्हणजे झोपेचे खोबरे. हालचाल फक्त हातापायांची, जेवण मिळेल तेव्हा, आणि चूक झाली तर खाली उभा असलेला माणूस ओंडक्याखाली जाईल ही धास्ती. हे ओझे तराजूत मोजता येत नाही म्हणून ते नाहीच, असे कसे म्हणता येईल?

स्वीडन-फिनलंडच्या जंगलात झाड पाडणे, फांद्या छाटणे, तुकडे करणे हे सारे एकच यंत्र करते आणि ऑपरेटर काचेच्या बंद केबिनमध्ये असतो. तिथेही मान, खांदे, पाठ यांची दुखणी संपलेली नाहीत. युरोपीय संघाने २००२ साली कामगाराच्या अंगात जाणाऱ्या हादऱ्यांवर मर्यादा घातली आणि त्याची आरोग्य तपासणी मालकाच्या गळ्यात बांधली. आमच्याकडे फाटलेल्या सीटवर गोणपाट टाकले की झाली व्यवस्था! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अंदाज मांडला. आठवड्याला ५५ तास वा अधिक राबणाऱ्याला हृदयविकाराने मरण येण्याचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा १७ टक्क्यांनी जास्त, आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगाराच्या तासांना लगाम घालण्यासाठी का झटले, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आता कायदा पाहू. १९२३ च्या भरपाई कायद्यात मृत्यू कामातून आणि कामाच्या ओघात उद्भवला, हे दाखवावे लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण ही कसोटी तीच राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर औष्णिक वीज केंद्रातील एका कामगाराचे प्रकरण आले. त्याचे काम स्विच चालू-बंद करण्याचे. त्यात ताण संभवत नाही, असे डॉक्टरांचे मत पडले आणि विधवेला भरपाई नाकारली गेली. उलट डिसेंबर २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने दिल्लीहून ११५२ किलोमीटर ट्रक हाकून वाटेत मृत्यू पावलेल्या चालकाच्या वारसांना न्याय दिला. तोही बसूनच होता! फरक पडला तो पुराव्याने. अंतर कागदावर होते. हृदयविकार आधीपासून असला तरी कामाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तर भरपाई मिळू शकते, हे तत्त्वही न्यायालयांनी मानले आहे. सिद्ध मात्र वारसाने करायचे.

आणि सिद्ध कशाने करायचे? मशीनचे तास मालकाच्या वहीत. हजेरीपट नाही. नेमणुकीचे पत्र तर विचारूच नका. नव्या सुरक्षा संहितेत चाळिशी ओलांडलेल्या कामगाराच्या वार्षिक मोफत तपासणीची मोठी जाहिरात झाली. पण ती संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागते. दोन मशीन, दोन ऑपरेटर, दोन हेल्पर असा ज्याचा पसारा, तो मालक सहज बाहेर. जंगलात, खदानीत, रस्त्याच्या कामावर आमच्या वस्त्यांतली पोरे हेल्पर म्हणून लागतात आणि पाहून पाहून ऑपरेटर होतात, ती बहुधा अशाच मालकांकडे.

विरुद्ध बाजूने खर्ऱ्याचाही मुद्दा काढला. खर्रा वाईटच, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण रात्री दोन वाजता डोळा लागू नये म्हणून तो खर्रा तोंडात जातो, हेही रेकॉर्डवर यायला हवे. साहेबाला ॲटॅक आला की कामाचा ताण, ऑपरेटरला आला की व्यसन. ही वाटणी कोणी केली?

आमच्या कामगार संघटनांनी ऑपरेटरच्या हाती एक साधी वही द्यावी. तारीख, मशीन सुरू, मशीन बंद, छातीत दुखले, कोणाला सांगितले. वस्तीतल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजला तर त्याची चिठ्ठी जपावी. आणि कामावर मृत्यू झाला तर घाईने अंत्यसंस्कार न करता पोलिसांना कळवून शवविच्छेदनाचा आग्रह धरावा, मालक स्वतः गाडी करून प्रेत घरी पोचवायला निघाला असला तरी.

माझ्या अशिलाच्या बाबतीत हेच घडले. गाडी मालकाची, शवविच्छेदन नाही. जुन्या कायद्याखालचा तिचा दावा आता एकट्या हेल्परच्या साक्षीवर उभा आहे. त्या रात्री मशीन किती तास चालू होती आणि सुट्टी कोणी नाकारली, हे त्याला ठाऊक आहे. तो अजून त्याच मालकाकडे कामाला आहे. मागच्या दोन तारखांना तो आला नाही.