‘मुलायम’चे गोत्र

रेशमाला, आवाजाला आपण सहज ‘मुलायम’ म्हणतो. फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचे अरबी मूळ ‘मुलाइम’. त्याचा अर्थ मात्र अनुरूप, जुळणारा. त्याच धातूतला ‘इल्तिआम’ म्हणजे जखम सांधली जाणे.

सौम्यतेचे इतर अरबी शब्दही असेच गोतावळ्यात नांदतात. ‘रिफ्क’ म्हणजे सौम्य वागणूक. तिच्याच कुळात सोबती ‘रफीक’ आहे आणि टेकायला उपयोगी पडणारे कोपर, ‘मिर्फक’, हेही. ‘लतीफ’ कोमल तसाच सूक्ष्मही. म्हणूनच उर्दूतला मार्मिक चुटका ‘लतीफा’ ठरतो. ‘लय्यिन’ म्हणजे मऊ. पण कुराणात जुलमी फारोशी मूसा आणि हारून यांनी बोलायचे ते ‘लय्यिन’ शब्दांतच.

भाषांतरात या साऱ्यांची बोळवण एकट्या ‘मृदू’वर होते, हे आम्हांस खटकते. मराठीत मृदूपणाला दुबळेपणाची छटा चटकन चिकटते. या शब्दांत तर सोबत आहे, आधार आहे, सत्तेपुढचे धैर्यही आहे. प्रतिशब्द प्रसंगागणिक बदलावा आणि वर्गात शब्दार्थासोबत धातूही सांगितला जावा. एरवी अरबी साहित्यातली सौम्यता आपल्याला केवळ शरणागती वाटत राहील.